मातीच्या घरांविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

पुण्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, प्लॉटवरचीच काळी माती आणि पाडलेल्या वाड्यांचे लाकूड वापरून बांधलेल्या घराला कोणतीही परवानगी लागत नाही. हे खरे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ परवानगीच्या बाबतीत मातीची भिंत आणि सिमेंटची भिंत असा भेद करत नाही.

मातीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे ती भिंतीसाठी जशीच्या तशी चालत नाही; दाबून केलेल्या विटांसाठी वाळूमिश्रित, मुरमाड माती चाळून तीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट मिसळतात आणि विटा काही आठवडे ओल्या ठेवतात. काचेच्या बरणीत माती पाण्यात ढवळून दिवसभर ठेवली, तर तळाशी वाळू, त्यावर गाळ आणि सर्वांत वर चिकणमाती असे थर कोणालाही दिसतील. जुने वाडेही मातीचेच होते, हा दाखलाही अपुरा आहे, कारण तेथे बराचसा भार लाकडी सांगाड्यावर असे आणि जोते दगडी असे. जुने सागवान मात्र खरोखर उत्तम असते, फक्त वाळवी व कूज तपासून घ्यावे.

अशी घरे व्हावीत असे मनापासून वाटते, म्हणूनच परवानगी लागत नाही असे सांगणारा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.