अडकलेली माणसे आणि खाणीचा नकाशा

चंद्रपुरात कोळशाविषयी मत नसलेला माणूस सापडणे कठीण, त्यामुळे आमच्या कट्ट्यावर खाणीचा विषय निघाला की चहाचा दुसरा फेरा ठरलेलाच असतो. परवा तो सिलक्याराच्या बोगद्यावरून निघाला. आमच्यातील सर्वांत धाकटा गडी स्थापत्य अभियंता आहे. त्याने ठासून सांगितले की, 12 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तरकाशीत बोगद्याचा भाग ढासळून अडकलेले 41 कामगार सतराव्या दिवशी सुखरूप बाहेर आले ते केवळ माणसाच्या हातांमुळे. ढिगाऱ्यातील लोखंडात ऑगर, म्हणजे आडवे भोक पाडणारे यंत्र, अडकून मोडले, आणि उरलेले दहा-बारा मीटर अंतर 'रॅट होल' पद्धतीने, म्हणजे उंदराच्या बिळासारखी अरुंद भुयारे हाताने खणून, काम करणाऱ्या खाणमजुरांनी ढिगाऱ्यात घातलेल्या नळीत अंग चोरून, हातातल्या अवजारांनी उकरून काढले. "यंत्र हरले आणि माणूस जिंकला, यात वाद कसला?" असे त्याचे म्हणणे होते.

वाद काकांनी काढला. काका भूमिगत खाणीत सिरदार होते, म्हणजे पाळीची माणसे कामाला लागण्यापूर्वी पुढे जाऊन छत, हवा आणि वायू तपासणारे. "तू शेवटचे बारा मीटर सांगतोस," ते म्हणाले, "पण पहिल्याच दिवशी ही माणसे दुसऱ्या वाटेने चालत बाहेर का आली नाहीत, ते सांग ना." त्या बोगद्याला 2018 साली मंजुरी मिळाली तेव्हा आपत्कालीन निकासी मार्गाचा उल्लेख त्या मंजुरीत होता, प्रत्यक्ष ढिगारा कोसळला तेव्हा कामगारांना वापरता येईल अशी दुसरी वाट मात्र नव्हती. चिलीतील सान होसे खाणीतही 5 ऑगस्ट 2010 रोजी हेच झाले होते. सुमारे 700 मीटर खोल अडकलेल्या 33 जणांनी हवेच्या उभ्या विहिरीतून वर चढण्याचा प्रयत्न केला, पण तेथे असायला हवी ती शिडी नव्हती. मग वरून भोके पाडून शोध सुरू झाला, आणि खाणीचे नकाशे जुने असल्यामुळे ती भोके माणसांपाशी पोहोचण्याऐवजी भलतीकडेच जात राहिली. माणसे जिवंत असल्याची चिठ्ठी वर आली ती सतराव्या दिवशी, आणि प्रत्यक्ष सुटकेला 69 दिवस लागले.

अभियंता गप्प बसणारा नव्हता. त्याने पश्चिम बंगालमधल्या राणीगंजचा दाखला काढला, आणि तो दाखला खरोखरच भारी आहे. नोव्हेंबर 1989 मध्ये तेथील महावीर खाणीत पाणी घुसून 71 जण अडकले होते. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून मोठ्या व्यासाचे भोक पाडून, एक माणूस कसाबसा उभा मावेल अशी पोलादी कुपी त्यातून खाली सोडण्याची कल्पना मांडली, ती कुपी घाईघाईने बनवून घेतली, आणि सुटकेसाठी स्वतःच तिच्यात उभे राहून खाली उतरले. एकेक करून 65 जण वर आले. सहा जण मात्र वाचू शकले नाहीत. "गिल खाली उतरले ते कोणत्या नकाशात लिहिले होते?" असा त्याचा रोकडा प्रश्न होता.

काकांनी हा मुद्दा मान्य केला, पण अर्धाच. "ते धाडस नकाशात नसते, कबूल. पण भोक माणसांच्या डोक्यावर पडले, की शेजारी छताला आधार म्हणून सोडलेल्या कोळशाच्या खांबात?" माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत नेमके वाक्य हेच होते, आणि ते नीट पटायला कट्ट्यावरच्या मास्तरांनी काढलेले मेघालयातील क्सानचे उदाहरण पुरे होते.

क्सानला 13 डिसेंबर 2018 रोजी 'रॅट होल' पद्धतीच्या बेकायदा कोळसाखाणीत पाणी शिरले. राष्ट्रीय हरित लवादाने 2014 सालीच या पद्धतीच्या खाणकामावर बंदी घातली होती, त्यामुळे कागदोपत्री ती खाण अस्तित्वातच नव्हती, मग तिचा नकाशा कोठून असणार? आत किती माणसे आहेत हा आकडासुद्धा सुरुवातीला ठाम नव्हता. नौदलाचे पाणबुडे आले, ओडिशाचे अग्निशमन दल आले, आपल्या किर्लोस्करांचे पंपही गेले; पण आजूबाजूच्या सोडून दिलेल्या बिळांतून पाणी झिरपत असल्याने पातळी उतरेना. अडकलेल्या 15 जणांपैकी दोघांचेच मृतदेह हाती लागले. मास्तर म्हणाले, "सिलक्याराला ज्यांच्या कसबाचे आपण कौतुक केले, तेच कसब क्सानला माणसांना बिळात घेऊन गेले." अभियंत्याने यावर चहाचा पेला फिरवत ठेवला, उत्तर दिले नाही.

जुन्या खाणीत साठलेले पाणी हा या धंद्यातला जुना वैरी आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच पाणी फुटले आणि 375 कामगार गेले. म्हणूनच सोडून दिलेल्या कामांच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचे नाही, असा नियम आहे. पण जुने काम कोठे संपते हेच ठाऊक नसेल, तर 60 मीटर मोजायचे कोठून?

काकांनी मग काठीने कट्ट्याची फरशी ठोकून दाखवली. मधोमध खणखणीत आवाज आला, आणि कडेला, जिथे खालचा सिमेंट निसटला आहे, तिथे भद्द. खाणीचे छतही ते असेच ठोकून पाहत. भद्द वाजले की माणसे मागे घ्यायची आणि आधी टेकू द्यायचा. बसलेल्यांपैकी दोघे नकळत त्या कडेवरून उठले, याचे आम्हाला हसू आले.

हसू फार टिकले नाही, कारण कोणीतरी आमच्या जिल्ह्यातल्या घुग्घुसची आठवण काढली. ऑगस्ट 2022 मध्ये आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले होते. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, आणि नंतर आजूबाजूची कितीतरी कुटुंबे हलवावी लागली. तेव्हा अभियंता म्हणाला की, एका बंद खाणीचा आराखडा त्याच्या ओळखीच्या सर्वेक्षकाकडे पाहायला मिळेल, तो रविवारी त्याची प्रत घेऊन येतो.

"आण," काका म्हणाले, "पण रंगीत रेघा पाहत बसू नकोस. कोपऱ्यात शेवटच्या मोजणीची तारीख असते, ती आधी वाच. आणि खाण बंद कधी झाली, तेही विचारून ये."