थंडी संपायच्या आत

पुण्या-मुंबईच्या लोकांना नागपूरची थंडी सांगून पटतच नाही, त्यांच्या डोक्यात नागपूर म्हणजे ४७.९ डिग्री, बस. पण आमच्याच गावात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता न बाप्पा. ही तारीख मी कशाला लक्षात ठेवतो, आमच्या आईला पाठ आहे. हिवाळ्यात मुलांना खाली खेळायला न्यायचं म्हटलं की ती ही तारीख कोर्टात पुरावा काढावा तशी काढते. "त्या दिवशी काय झालं होतं आठवते न?" काय झालं होतं तर सगळे घरी रजईत बसून होतो, पण आईशी वाद कोण घालेल.

खरी भानगड थंडीची नाहीच, ती फार वेळ थांबत नाही ही आहे. समुद्र आमच्यापासून लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे जमिनीतली ऊब रात्रीतून वर निघून जाते आणि सकाळी ऊन आलं की तितक्याच घाईने परत येते. डिसेंबरात सकाळी सातला दहा-बारा डिग्री आणि दुपारी अठ्ठावीस. (१९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईने दर डिसेंबरात अधिवेशनाला जी मंडळी मुंबईहून येतात त्यांना बघा, सकाळी नवं कोरं जॅकेट अंगात, दुपारी तेच हातावर.) म्हणजे थंडीचे कपडे लागतात ते जेमतेम दोन-तीन तास, आणि आमच्या घरी दोन पोट्ट्यांना ते कपडे घालायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

रविवारी सुरुवात तेलापासून होते. गाल फुटलेत, आधी तेल लावा, ही आईची ऑर्डर. आता खोबरेल तेल चोवीस डिग्रीच्या खाली गोठतं, त्यामुळे बाटलीत पांढरा दगड. बाटली गरम पाण्यात ठेवा, तेल सुटायची वाट बघा, तेवढ्यात लहाना, वय अडीच, उघडाबंब घरभर पळून राहिला आणि आई त्याच्यामागे रजई घेऊन. मग बनियन, त्यावर फुल बाह्यांचा टीशर्ट, त्यावर आईने स्वतः विणलेला हाफ स्वेटर. हा स्वेटर मागच्या वर्षीच्या डोक्याच्या मापाचा आहे. डोकं मधेच अडकतं आणि आतून आवाज येतो, "बाबा, लाईट गेली!" त्याच्यावर मग तिबेटी लोकांकडून घेतलेला जाडा स्वेटर. आमच्याकडे हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहतच आहे. तिबेटचा माणूस समोर उभा राहून गरम आहे म्हणतो तर आपण नागपूरच्या माणसाने काय घासाघीस करायची, तरी आईने केलीच.

चार थर झाल्यावर लहान्याचे हात खाली येत नाहीत. दोन्ही बाजूंना तिरपे राहतात. त्याच अवस्थेत त्याला मोजे घालायचे, आणि मोज्याची जोडी आमच्या घरात आजवर जोडीने सापडलेली नाही. मग कानटोपी. मोठीला कानटोपी खाजते. ती सहा वर्षांची आहे, तिला सगळंच खाजते. मी लहान्याच्या बुटाचा पट्टा लावेपर्यंत तिने टोपी काढून सोफ्याखाली टाकलेली असते आणि वर तोंड करून सांगते, माझी टोपी हरवली.

आणि मग, दार उघडल्यावर, चप्पल पायात, किल्ली हातात, "बाबा, सू."

आतून बायको ओरडते, "अरे झालं का तुमचं? गेले नाही अजून?" आता काय सांगावं.

हे सगळं चालू असताना कॅनडातून ताईचा व्हिडिओ कॉल येतो. आमच्याकडे रविवार सकाळ तेव्हा तिच्याकडे शनिवारची रात्र, तिची पोरं झोपलेली, त्यामुळे ती हसायला मोकळी. तिकडे बर्फात पाठवायचं तर आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जॅकेट, मग हातमोजे, आणि क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हातमोजेही बोटांचे नाही, अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एका पिशवीत, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात आणि आईला एकेक बोट शोधत बसावं लागत नाही. मी म्हटलं, बाई गं, तुझे हाल तर जास्त आहेत. तर म्हणाली, "नाही रे, आमचं बरं आहे. कितीही उशीर केला तरी बर्फ कुठे जात नाही."

इथे मी निरुत्तर.

कारण आम्ही लेआऊटच्या मैदानावर पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते आणि ऊन असं चटचट लागून राहिलं होतं की क्रिकेटवाली मोठी पोरं हाफ बाह्यांवर. माझ्या दोघांचे चेहरे लालबुंद. पाच मिनिटांत टोप्या माझ्याकडे, दहा मिनिटांत जाडे स्वेटर, मग मोजे, मग एक बूट. कोणाच्या तरी बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर दोघं चढले. समोरच्या काकू ओट्यावर उन्हात संत्री सोलत बसल्या होत्या. आधी म्हणाल्या, "अगंबाई, केवढे हे कपडे, जीव घाबरेल न लेकराचा!" आणि मी ते काढल्यावर, "एवढ्या गारठ्यात उघडं काऊन ठेवलं रे?" मी काही बोललो नाही, काकू संत्री देतात.

तेवढ्यात आमच्या गॅलरीतून आईचा आवाज, "संत्रं कायले देऊन राहिले पोट्ट्याले, सर्दी होईल!" लहान्याने दचकून ते अख्खं अर्धं संत्रं छातीशी दाबलं. नेमकं विणलेल्या स्वेटरवर.

तो स्वेटर मशीनमध्ये टाकायचा नसतो, हाताने थंड पाण्यात धुवायचा असतो, आणि कोणी धुतला ते विचारू नका. पण नागपूरचं ऊन बाकी पक्कं, दुपारी तीनपर्यंत कडक वाळला. साडेपाचला मुलं म्हणाली, बाबा, खाली जाऊ? आणि आईने तोच स्वेटर माझ्या हातात दिला.