त्या ६३,७७९ कमानी विसंगतींच्या नव्हेत

इंद्रधनुष्यासारख्या कमानींचे एक चित्र ‘बायबलमधल्या ६३,७७९ विसंगती’ अशा मथळ्याने समाजमाध्यमांवर फिरते आहे. हा मथळा चुकीचा आहे.

हे चित्र अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित संगणकतज्ज्ञ ख्रिस हॅरिसन आणि धर्मोपदेशक क्रिस्टोफ रोमहिल्ड यांनी मिळून तयार केले. रोमहिल्ड यांनी संदर्भांची जंत्री पुरवली आणि हॅरिसन यांनी तिला रूप दिले. त्यातील प्रत्येक कमान परस्परसंदर्भाची आहे. येशू सैतानाला ‘मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही’ असे उत्तर देतो ते नव्या करारातील मत्तयाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, पण ते वचन आहे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले. असे दुवे जोडणे हेच परस्परसंदर्भाचे काम. कमानीचा रंग दोन अध्यायांमधले अंतर सांगतो, मतभेदाची तीव्रता नव्हे. खाली लोंबणाऱ्या बारीक पट्ट्या म्हणजे १,१८९ अध्याय, आणि पट्टीची लांबी म्हणजे त्या अध्यायातील ओव्यांची, म्हणजे वचनांची, संख्या. म्हणूनच मध्याजवळची सर्वांत लांब पट्टी १७६ वचनांच्या ११९ व्या स्तोत्राची आहे.

विसंगती दाखवणारी कमानींची निराळी चित्रे पुढे इतरांनी काढली, त्यामुळे घोटाळा झाला असावा. मात्र याच चित्राला ग्रंथाच्या ईश्वरी रचनेचा गणिती पुरावा म्हणणेही तितकेच अयोग्य आहे, कारण दुवे कोणते धरायचे हे अभ्यासकांनी ठरवलेले असते आणि जंत्री बदलली की कमानींची संख्याही बदलते.