ब्रेझेल, बक्षीस आणि ६१० सालचा मठवासी

ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ तोंडावर आला की जर्मनीतल्या श्टुटगार्टमधल्या आमच्या मराठी पालकांच्या गटात ब्रेझेलच्या, म्हणजे इथल्या पीळदार खारट पावाच्या, जन्माचा तोच संदेश पुन्हा फिरू लागतो. यंदा तर लेकीने तो बालवाडीतूनच आणला, रंगवायच्या चित्रासकट. गोष्ट अशी: इ.स. ६१० मध्ये इटलीतल्या एका मठवाशाने उरलेल्या पिठाच्या दोऱ्या वळल्या, प्रार्थनेत छातीवर हात दुमडावेत तशा. प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना त्या भाजून वाटल्या आणि नाव ठेवलं ‘प्रेतिओला’, म्हणजे छोटं बक्षीस. तीन भोकं म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.

मुलांना पीठ मळायला बसवायचं तर गोष्ट झकास आहे. पण खरी म्हणून सांगायची असेल तर माझी हरकत आहे.

आधी साल घेऊ. ६१० हा आकडा इतका नेमका आहे की पुरावा असेलच असं वाटतं. त्या शतकातला एकही लेख त्याला आधार देत नाही. मठवाशाला नाव नाही, मठाला गाव नाही. कुठे तो इटलीचा, कुठे दक्षिण फ्रान्सचा. साल तेवढं पक्कं!

‘प्रेतिओला’ची गंमत जास्त आहे. हे नाव पटतं ते इंग्रजी ‘प्रेट्झेल’मुळे. इथे मात्र शब्द ‘ब’ने सुरू होतो: ब्रेझेल. दक्षिण जर्मनीतला ‘ब’ परक्या कानांना ‘प’सारखा लागतो, आणि इंग्रजीने हा शब्द घेतला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे सातव्या शतकातल्या मठवाशाने नाव ठेवलं ते बाराशे वर्षांनंतरच्या उच्चारावरून! भाषातज्ज्ञ हा शब्द लॅटिन ‘ब्राकियुम’वरून, म्हणजे हातावरून काढतात. आमचा बेकरीवाला आजही ब्रेझेलच्या बारीक, कुरकुरीत टोकांना ‘छोटे हात’च म्हणतो आणि खालच्या जाड भागाला पोट.

मग दुमडलेल्या हातांची गोष्ट खरी ठरली ना? तेवढ्याने नाही. इटलीत याच घराण्यातलं नाव लावणारा ब्रात्सादेला हा भाजलेला पदार्थ साधा कड्यासारखा गोल असतो. शिवाय रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या चित्रांत प्रार्थना करणारे आदी ख्रिस्ती लोक हात दुमडत नाहीत, दोन्ही बाजूंना वर उचलतात. ब्रेझेल हातासारखं दिसतं, एवढंच नावातून कळतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचं म्हणाल तर दोरीला असा पीळ देऊन टोकं चिकटवली की तीन भोकं पडणारच. अर्थ मागून आला असावा. शिकवायला तो वापरायला माझी ना नाही, फक्त ‘म्हणूनच असा आकार केला’ असं सांगू नये.

(याच संदेशाची एक शेपटी आहे: १५१० साली ब्रेझेलवाल्यांनी तुर्कांचं भुयार ओळखून व्हिएन्ना वाचवलं. व्हिएन्नाला तुर्कांचे वेढे पडले ते १५२९ आणि १६८३ मध्ये.)

धर्माशी नातं नाही असं मात्र मी म्हणत नाही. बाराव्या शतकात आल्सासमधल्या (आजच्या पूर्व फ्रान्समधल्या) होहेनबुर्ग मठाच्या प्रमुख हेराड यांनी नवख्या जोगिणींना शिकवण्यासाठी ‘होर्टुस डेलिकियारुम’ हा चित्रमय ग्रंथ घडवला. त्यात बायबलमधल्या एस्तेर राणीच्या मेजवानीच्या टेबलावर ब्रेझेल आहे. मूळ ग्रंथ १८७० मध्ये स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात जळाला, नकला उरल्या. म्हणजे ब्रेझेल आणि धर्मशिक्षण एकत्र दिसतात ते एका बाईच्या ग्रंथात, आणि तेही बक्षीस म्हणून नव्हे, ताटातला पदार्थ म्हणून.

दुसरा धागा उपवासाचा. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत जुन्या नियमाने मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही वर्ज्य. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यात होणारा पाव त्या दिवसांत चालायचा. बीबराख गावाकडे अजून उपवासाचं फिकट ब्रेझेल मिळतं.

हे मुलांना हाताने कळतं. आम्ही ओट्यावर अंडी, दूध, लोणी मांडलं आणि लेकीला एकेक उचलून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं. उरलं ते: ५०० ग्रॅम मैदा, साधारण ३०० मिली कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट. पीठ तासभर फुगवून हातभर दोऱ्या वळल्या. बेकरीत भाजण्याआधी ब्रेझेल ज्यात बुडवतात ती लाय म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, ती मुलांजवळ नकोच. लिटरभर उकळत्या पाण्यात तीन मोठे चमचे खायचा सोडा घालून मी एकेक अर्धा मिनिट बुडवलं, वर जाडं मीठ, २२० अंशांवर पंधरा मिनिटं. तिची पहिली दोन सरळसरळ कडबोळी झाली. आजीला व्हिडिओवर दाखवली तर ती म्हणाली, “भाजणी कुठली गं?”

शाळेच्या कागदावरचा मठवासी लेकीने निळा रंगवलाय. तो फ्रिजवर लावलाय. ६१० वर तेवढी काट मारली आहे.