नोट लिहू नका, वाढवा

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरमित्रांनो, पेशंट तपासायचा कसा हे तुम्हाला कॉलेजात शिकवलंय. कॉम्प्युटरवर त्याची नोट, म्हणजे तब्येतीची रोजची नोंद, कशी ठेवायची, ते आता आमच्याकडून घ्या.

कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचं नाही. कालची नोट उचला, तारीख बदला, सही ठोका. तीत 'ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस' असेल तर असू द्या. पेशंट बाराव्या दिवशी चालत घरी जाईल, नोटेतला दुसरा दिवस मावळता कामा नये. 'उद्या ड्रेन काढणे' हेही तसंच राहू द्या. जखमेतला निचरा बाहेर काढणारी ती नळी कधीच निघालेली असली म्हणून काय झालं? उद्या रोजच असतो.

यात ओशाळण्यासारखं काही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३,६३० नोटा तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. हाताने टाइप केलेला मजकूर १८ टक्के, कॉपी केलेला ४६ आणि कुठून तरी आपोआप ओढून आणलेला ३६. म्हणजे सुधारणेला अजून १८ टक्के वाव आहे.

लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरांनी १९६८ साली सांगून ठेवलंय, की नोंदी पेशंटच्या एकेका तक्रारीला धरून असाव्यात. त्यातूनच चार खण रूढ झाले: पेशंट काय म्हणतो, तपासणीत काय दिसलं, तुम्हाला काय वाटतं, पुढे काय करणार. बाकीच्यांची चिंता सोडा, पण तिसऱ्या खणापासून जपून. तिथे डोकं चालवल्याचा पुरावा मागे राहतो. 'स्टेबल, तेच चालू' एवढं पुरे. अगदीच राहवेना, 'ताप औषधाचाच असावा, अँटिबायोटिक थांबवून बघतोय' असं काही लिहून बसलात, तर ती ओळ दोन आठवड्यांच्या सोडियम-पोटॅशियमच्या रिपोर्टांखाली नीट पुरा. रात्री तीन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर तीच शोधत खाली-खाली जाईल. जाऊ दे. तेवढाच बोटांना व्यायाम.

तपासणीसाठी टेम्प्लेट आहेच. एक क्लिक केलं की बुबुळं समान, छाती स्वच्छ, पोट मऊ, दोन्ही पावलांच्या नाड्या उत्तम. पांघरूण उचलायचीही गरज नाही.

टाइप करायचाही कंटाळा आला तर बोला, यंत्र लिहून घेतं. फक्त त्याचे कान आपल्यासारखेच आहेत. समजा, तुम्ही म्हणालात 'डीकेए', म्हणजे साखर बेसुमार वाढून रक्तात आम्ल साचलेलं. यंत्राने ऐकलं 'बीकेए', म्हणजे गुडघ्याखाली पाय कापलेला. सही करण्याआधी वाचून बघायची वाईट खोड तुम्हाला नाहीच. दुसऱ्या दिवशी ते पूर्वेतिहासात गेलं, तिथून डिस्चार्ज समरीत, आणि पुढच्या खेपेला भरती करणाऱ्याने समरीवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं.

आता त्या नोटेत वर लिहिलंय, एक पाय कापलेला. चार ओळी खाली टेम्प्लेट म्हणतंय, दोन्ही पावलांच्या नाड्या उत्तम. अख्ख्या फाईलमध्ये खरं बोललं ते एकटं टेम्प्लेट, आणि पेशंटला हात न लावता. एवढ्यात कुणी भोचकपणे जाऊन पांघरूण उचललंच, तर ती टेम्प्लेटची ओळ तेवढी चुकीची समजून खोडू नका म्हणावं.