1945 च्या आधी देशादेशांमधे कायदाच नव्हता? नाही हो, असं नाहीये

एक फॉरवर्ड सध्या खूप फिरतोय, मलाच तीन ग्रुपवर आला. त्यात म्हटलंय की आंतरराष्ट्रीय कायदा 1945 ला युनोबरोबर जन्माला आला, त्याआधीच्या हेगच्या परिषदा (नेदरलँड्समधल्या हेग शहरात 1899 आणि 1907 ला युद्धाचे नियम ठरवायला भरलेल्या) म्हणजे युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या मेजवान्या, 1914 ला महायुद्ध पेटलं आणि सगळं कागदावरच राहिलं, आणि तसाही भारताचा त्याच्याशी संबंध शून्य. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, एकेक घेतो.

आधी ते 1945 चं बघू. सरकारचा परवाना घेऊन खाजगी जहाजांनी शत्रूची जहाजं लुटायची ही जुनी पद्धत 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद केली. 1864 चा जिनिव्हा करार अवघ्या 10 कलमांचा, पण जखमी सैनिक कुठल्याही बाजूचा असो, त्याच्यावर उपचार करायचेच हे त्यात देशांनी सह्या करून मान्य केलं. आणि 1868 चा सेंट पीटर्सबर्गचा जाहीरनामा तर प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. झालं असं की रशियन सैन्याने दारूगोळ्याच्या गाड्या उडवायला एक गोळी बनवली होती, टणक वस्तूवर आपटली की फुटणारी, मग 1867 मधे तिच्यात बदल केला आणि ती मऊ वस्तूवरही फुटायला लागली, म्हणजे थेट माणसाच्या अंगात. तेव्हा रशियानेच बाकीच्या देशांना बोलावलं की ही आपल्यापैकी कुणीच वापरायला नको, आणि 400 ग्रॅमपेक्षा हलकं स्फोटक अस्त्र एकमेकांविरुद्ध वापरायचं नाही असं ठरलं. कारणही तिथेच लिहून ठेवलंय, शत्रूचा माणूस लढण्यातून बाद झाला की पुरे, त्याच्या यातना विनाकारण वाढवायच्या नाहीत. हे युनोच्या 77 वर्षं आधीचं आहे.

आता मेजवानीचा मुद्दा. 1899 ची परिषद रशियाच्या झारने बोलावली हे खरं, पण आलेल्या 26 देशांमधे जपान, चीन, सयाम, इराण, तुर्कस्तान, अमेरिका, मेक्सिको होते. 1907 ला 44 देश आले, त्यात दक्षिण अमेरिका जवळजवळ अख्खी. हे लोक नुसते बसायला आले नव्हते. 1902 मधे कर्जवसुलीसाठी ब्रिटन, जर्मनी आणि इटलीने व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली होती, त्यावर अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री द्रागो यांनी आवाज उठवला आणि 1907 ला करारच झाला की कर्जदार देश लवादाला, म्हणजे तटस्थ पंचांच्या निवाड्याला, तयार असेल तर कर्जासाठी बळ वापरायचं नाही. ब्राझीलचे रुई बार्बोसा तर सगळे देश समान या मुद्द्यावर बड्या देशांशी सरळ भिडले. हां, अन्यायही झाला, तो लपवायचं कारण नाही. जपानने गिळत आणलेल्या कोरियाचे तीन दूत हेगला पोचले आणि त्यांना आत घेतलंच नाही, त्यातले यी जुन तिथेच वारले.

1914 चं म्हणाल तर नियम मोडले गेले हे मान्यच आहे, पण कसे मोडले ते बघा ना. 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्यात बंदी होती ती विषारी वायू पसरवणाऱ्या तोफगोळ्यांवर, आणि जर्मनीने 1915 मधे बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन सोडला तो सिलिंडरमधून, तोफगोळ्यांमधून नाही. म्हणजे लिहिताना फट राहिली होती, आणि 1925 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमधे ती बुजवली, गोळा असो की सिलिंडर, युद्धात विषारी वायू वापरायचाच नाही. 1907 च्या जमिनीवरच्या युद्धाच्या नियमांचं तर याहून मोठं उदाहरण आहे. त्या करारात अट होती की लढणारे सगळे देश त्यात असतील तरच तो लागू, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला, तिथे ती अट पुढे आली तेव्हा न्यायाधिकरणाने सांगितलं की 1939 पर्यंत हे नियम रूढ कायदा, म्हणजे करारात नसलेल्यांनाही लागू असा कायदा, झाले होते, त्यामुळे अटीचा प्रश्नच येत नाही. सगळं कागदावरच राहिलं असतं तर खटला कशाच्या आधारावर उभा राहिला असता?

राहिला भारताचा संबंध. अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर 1899 ला बंदी आली, त्या गोळीचं नावच कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून पडलं, आणि ब्रिटनने तेव्हा बंदीला विरोध केला, सही केली ती 1907 मधे.

आणि सावरकर. 8 जुलै 1910, मार्सेय बंदर, मोरिया बोटीतून मारलेली उडी आपण सगळे शाळेपासून ऐकत आलोय, पुढचं मात्र फार कमी सांगितलं जातं. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हाती दिलं, आपल्या भूमीवर पकडलं म्हणून फ्रान्सने त्यांना परत मागितलं आणि प्रकरण गेलं ते 1899 च्या परिषदेने उभ्या केलेल्या हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात. 24 फेब्रुवारी 1911 ला पाच पंचांनी निकाल दिला, की पकडून सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण अशा चुकीमुळे कैदी परत द्यावा असा कुठलाही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. खटला फ्रान्स आणि ब्रिटनमधला, सावरकर स्वतः त्यात पक्षकारसुद्धा नव्हते. जो नियम लिहायचा राहिला होता तो त्यांच्या वाट्याला आला, आणि त्याच वर्षी 4 जुलैला ते अंदमानला पोचले.