फुंकरीचा हिशेब

दम्याच्या संशयावरून डॉक्टरांनी मला फुंकर किती वेगाने बाहेर पडते हे मोजणारे पीक फ्लो मीटर आणायला सांगितले, तेव्हा माझा श्वास यापुढे घरातील सर्वांच्या अखत्यारीत जाणार आहे, याची पूर्वसूचना मात्र दिली नाही. वस्तू तशी साधी: प्लास्टिकची वीतभर नळी, तिच्यावर लिटर प्रति मिनिटाचे आकडे आणि एक सरकता काटा. काटा तळाशी आणावा, उभे राहून छाती भरून श्वास घ्यावा, ओठांनी नळीचे तोंड घट्ट धरावे आणि एका झटक्यात फुंकावे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा.

वही बाबांकडे गेली. आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेल्या माणसाला ‘सर्वांत मोठा आकडा’ हा प्रकार पटणे शक्यच नव्हते. “३४०, ३७० आणि ३६०. मग सरासरी का नाही?” फुंकर अर्धवट पडली की आकडा खाली येतो, पण फुप्फुसांच्या ताकदीबाहेर तो जात नाही, म्हणून मोठा तोच खरा, असे मी समजावत असतानाच भाच्याने नळी उचलली, गाल फुगवून थुंकल्यासारखा आवाज काढला आणि काटा थेट वरच्या टोकाला नेला. जिभेच्या आणि गालांच्या जोरावर असा खोटा आकडा निघतो, हे खरेच आहे. परंतु बाबांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहता पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

आईने रंग तेवढे उचलले. प्रकृती बरी असतानाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांपासून वर हिरवा, ५० ते ८० पिवळा आणि त्याखाली तांबडा. तांबड्यात तातडीचा इन्हेलर घेऊन लगेच डॉक्टर गाठायचे. ही व्यवस्था औषधासाठी आहे, पण “आज पिवळा आहेस, दही नको” हा निकाल न्याहारीच्या आधीच लागू लागला.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या सर्वोत्तम फुंकरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. दम्यात पहाटे श्वासनलिका अधिक आकसतात, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा बराच खाली राहतो. त्यांना हवा होता तो हा फरक. “तफावत,” बाबा खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, आणि लाल शाईने भरलेला वेगळा रकाना त्यांनी उघडून दाखवला. त्यानंतर डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत.